परदेशी निधी हवा असेल, तर प्रस्तावाआधी एफसीआरए

परदेशी दात्याकडे प्रस्ताव पाठवायला कायद्याची आडकाठी नाही. पैसे स्वीकारायला मात्र आहे. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० म्हणजेच एफसीआरए, त्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हातात असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. रक्कम रुपयांत आली तरी देणारा परकीय असेल, तर ते विदेशी अंशदानच. त्यामुळे प्रस्ताव मंजूर झाल्यावर एफसीआरएच्या मागे लागणाऱ्या संस्थेला दात्याची मुदत सहसा पुरत नाही.

कोण परकीय, याचा घोळ नेहमी होतो. अमेरिकेत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती विदेशी ठरत नाही. त्याच गल्लीतला ओसीआय कार्डधारक, म्हणजे मूळचा भारतीय पण आता दुसऱ्या देशाचा नागरिक, परकीय स्रोत ठरतो. म्हणून परदेशातल्या मराठी मंडळींकडून देणगी घेताना पासपोर्टची प्रत मागून घ्या. संकोच करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक मात्र परकीय स्रोताच्या व्याख्येबाहेर आहेत.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य उपक्रमांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. बहुतेक लहान संस्था इथेच अडकतात, कारण त्या प्रशासकीय खर्च वजा न करता एकूण खर्च मोजतात. समजा, तीन वर्षांचा खर्च ६ लाख, साडेपाच लाख आणि ५ लाख, म्हणजे साडेसोळा लाख आहे. त्यात कार्यालयाचे भाडे, हिशेबनीसाचा पगार आणि प्रवास मिळून सव्वादोन लाख असतील, तर उरतात सव्वाचौदा. संस्था अपात्र. शाळेतल्या शिक्षकांचे किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. पण ऑडिटरने सगळे ‘पगार’ या एकाच ओळीत घातले असतील, तर हे सिद्ध कसे करणार? उत्पन्न-खर्च पत्रकात उपक्रमवार खर्च वेगळा दाखवायला आधीच सांगा. जुन्या वर्षांसाठी सीएकडून तसे प्रमाणपत्र घ्या.

तीन वर्षे किंवा १५ लाख भरत नसतील, तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. ती ठरावीक दाता, ठरावीक काम आणि ठरावीक रक्कम यांपुरतीच मिळते. दात्याचे रक्कम नमूद केलेले वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. दाता आणि संस्था यांच्यात सामायिक सदस्य असतील, तर संस्थेचा मुख्य पदाधिकारी दाता संस्थेतला नसावा आणि कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के सदस्य दात्याचे सदस्य किंवा कर्मचारी नसावेत. रक्कम १ कोटीच्या वर असेल, तर ती हप्त्यांनी घ्यायला सांगितले जाऊ शकते. मग आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष चौकशी झाल्यावरच पुढचा हप्ता. एप्रिल २०२५ पासून पूर्वपरवानगीला मुदतही आहे: पैसे घ्यायला तीन वर्षे, वापरायला चार.

अर्ज पूर्णपणे ऑनलाईन आहे. नोंदणीसाठी एफसी-३ए, पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी, नूतनीकरणासाठी एफसी-३सी. त्याआधी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक घ्यावा लागतो आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत एफसीआरए खाते उघडून त्याचा तपशील अर्जात द्यावा लागतो. दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या शाखेतून कागद पुढे जातात. परदेशी पैसा आधी याच खात्यात येतो. तिथून तो आपल्या गावातल्या बँकेच्या वापर खात्यात वळवता येतो.

नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना किंवा विश्वस्तपत्र, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, उपक्रमांचे अहवाल आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याचे शपथपत्र जोडायचे. घटना मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतरही जोडा. पदाधिकाऱ्यांचे आधार लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये भारतीय पासपोर्टचा पर्यायही मान्य केला.

महाराष्ट्रातली खास अडचण धर्मादाय आयुक्त कार्यालयातली. निवडणूक होऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात, नवे विश्वस्त सह्याही करत असतात, पण बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) प्रलंबित असल्याने शेड्यूल वनच्या, म्हणजे आयुक्तांकडच्या न्यास नोंदवहीच्या, उताऱ्यावर अजून जुनीच नावे, त्यातले एखादे दिवंगत. दर्पणवर तिसरीच यादी, आणि आधारवर ‘सुनिता’ तर घटनेत ‘सुनीता’. तपासणाऱ्याला यातले खरे कुठले ते कळायला मार्ग नसतो. आधी बदल अर्जावर आदेश मिळवा, मग दर्पण दुरुस्त करा आणि शेवटी एफसी-३ए भरा. हा क्रम उलटवू नका.

निकाल साधारणपणे ९० दिवसांत द्यावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात त्रुटी निघाल्या की वेळ लांबतो. चौकशीसाठी अधिकारी येऊ शकतात. अहवालातले लाभार्थी आणि हिशेबाच्या पावत्या त्या दिवशी दाखवता आल्या पाहिजेत.

आता प्रस्तावाकडे. अंदाजपत्रक दात्याच्या साच्यात बसवताना दोन आकडे तपासा. विदेशी निधीतून प्रशासकीय खर्च वर्षाला २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही (२०२० च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती). आणि उपअनुदानाची, म्हणजे मिळालेला निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्याची, ओळ सरळ काढून टाका. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेलाही हा पैसा वर्ग करता येत नाही. परदेशी दात्यांच्या नमुन्यात ‘स्थानिक भागीदारांना निधी’ हा रकाना हमखास असतो. तो भारतात चालत नाही हे प्रस्तावाच्या पहिल्याच पत्रात कळवावे.

नोंदणी पाच वर्षांची असते. त्या काळात दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ विवरण भरायचे, वर्षभरात काहीच आले नसेल तरी शून्याचे. पदाधिकारी बदलले तर एफसी-६ई. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी करावा, असे मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये कळवले आहे. मुदत संपली की नूतनीकरण होईपर्यंत नवा निधी घेता येत नाही आणि खात्यात पडलेला जुनाही वापरता येत नाही.