गुपित सांभाळणारी चिप

नुसत्या काळ्या पट्टीची डेबिट कार्डे मुंबईकरांच्या पाकिटातून गेली ती रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे. ती बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना २०१५ मध्ये ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली गेली. पट्टीवरचा मजकूर कोणत्याही रीडरला वाचता येतो, त्यामुळे एटीएमला स्किमर, म्हणजे पट्टी चोरून वाचणारे यंत्र, लावून हुबेहूब कार्ड बनवता येई. चिप आपली गुप्त किल्ली, म्हणजे तिच्यात साठवलेली एक गुप्त संख्या, बाहेर देतच नाही. हिशेब आतल्या आत करते आणि फक्त उत्तर देते. या विषयाचा सगळा गाभा एवढाच आहे.

या कल्पनेला बरीच वर्षे झाली. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी स्मृती असलेल्या कार्डाचे पेटंट १९७४ मध्येच मागितले होते. संगणकाकडे ती उशिरा आली. १९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र आल्या आणि त्यातून टीपीएम ही संगणकाच्या किल्ल्या सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप ठरली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी तिला कडाडून विरोध केला: यंत्र मालकाचे न राहता कंपनीचे ऐकू लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. ती भीती मला आजही रास्त वाटते.

पण किल्ली रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, उघडी ठेवणेही धोक्याचेच. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये रॅम गार करून, वीज गेल्यानंतरही तिच्यातल्या किल्ल्या वाचून दाखवल्या. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये बोटाच्या ठशासाठी मुख्य प्रोसेसरपासून वेगळा सुरक्षित कप्पा आला.

चिपही अभेद्य नसते. इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या चिपमध्ये किल्ल्या तयार करण्याची पद्धतच कच्ची असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले, आणि एस्टोनियाला लाखो ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

विंडोज ११ ने २०२१ मध्ये टीपीएम २.० सक्तीचे केले. त्याची झळ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात कळते. पूर्वी मदरबोर्ड गेला तरी कारागीर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायचा आणि फायली मिळायच्या. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते, आणि ती किल्ली टीपीएम सांभाळते. चिप गेली की ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि लॅपटॉप घेताना ते खाते दुकानदारानेच उघडून दिले असेल तर त्याचा पासवर्डही मालकाकडे नसतो.