इंजिनाचे दोन हजार तास : हा आकडा आला कुठून

जुनं सेस्ना १७२, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, विकायला निघालं की जाहिरातीत नवा रंग, नवीन रेडिओ, सीटची कव्हरं सगळं लिहिलेलं असतं, पण घेणाऱ्याची नजर आधी एकाच आकड्यावर जाते, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा जोडल्यानंतर, इंजिन किती तास चाललंय. ४०० असेल तर मालक भावावर अडून बसतो, १९०० असेल तर समोरचा अख्ख्या ओव्हरहॉलचा खर्च वजा करूनच बोलायला सुरुवात करतो, आणि २००० च्या वर गेलेलं असेल तर बरेच जण फोनसुद्धा करत नाहीत. आम्ही चौघांनी मिळून घेतलेलं १९७४ चं १७२ आज २३०० च्या पुढे आहे आणि "अजून उडवताय?" हा प्रश्न हँगरवर दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, म्हणून या आकड्यामागचा इतिहास एकदा नीट लिहावा असं वाटलं. हे सगळं अमेरिकेतल्या खासगी, म्हणजे पैसे घेऊन प्रवासी न नेणाऱ्या विमानांबद्दल आहे, दुसरीकडचे नियम वेगळे असू शकतात.

आधी शब्दाचा गुंता सोडवू, कारण निम्मी भांडणं तिथूनच होतात. टीबीओ म्हणजे टाइम बिटवीन ओव्हरहॉल, दोन ओव्हरहॉलमधला काळ. आमच्या १७२ मध्ये लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, त्याला कंपनी २००० तास किंवा १२ वर्षं सांगते, जे आधी येईल ते. पण ही कंपनीची शिफारस आहे. खासगी मालकाला कायद्याने बंधनकारक काय, तर दर १२ महिन्यांनी होणारी वार्षिक तपासणी आणि अमेरिकेच्या विमान नियामकाने काढलेले सक्तीचे आदेश, ज्यांना सगळे एडी म्हणतात. भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना टीबीओ पाळावा लागतो, आपल्याला नाही. यात आणखी भर म्हणजे कंपन्या आपल्या काही पत्रकांवर ठळक अक्षरात "मॅन्डेटरी सर्व्हिस बुलेटिन" असं छापतात, आणि ते वाचून नवा मालक घाबरतो, पण नियामकाने त्याची एडी केली नाही तोवर खासगी विमानाला तेही सक्तीचं नसतं. वाचू नये असं मी म्हणत नाही, प्रत्येक बुलेटिन वाचावंच, पण सक्ती कशाची आणि सल्ला कशाचा हे माहीत असलं पाहिजे.

ओव्हरहॉल हा शब्दही तसाच निसरडा. कायद्यात त्याचा अर्थ इंजिन खोललं, धुतलं, तपासलं, गरजेप्रमाणे दुरुस्त केलं, जोडलं आणि चालवून पाहिलं, एवढाच. नवीन भाग घातले असं त्यात कुठेच नाही. एखादा मेकॅनिक सगळी मापं नव्या इंजिनाच्या मर्यादेत आणून देतो, दुसरा "अजून वापरता येईल" या ढिल्या मर्यादेत बसवतो, आणि लॉगबुकात दोघांचंही ओव्हरहॉलच लिहिलं जातं. टॉप ओव्हरहॉल म्हणजे फक्त सिलिंडरचं काम, ते तर कायद्यात नावालाही नाही. तास शून्यावर आणून नवं लॉगबुक देण्याचा अधिकार फक्त मूळ कंपनीला किंवा कंपनीने नेमलेल्या वर्कशॉपला. त्यामुळे जाहिरातीतला "ओव्हरहॉलनंतर ४०० तास" हा आकडा ते काम कुणी, कसं आणि कधी केलं हे कळल्याशिवाय अर्धवटच. २० वर्षांपूर्वी ओव्हरहॉल होऊन ४०० तास चाललेलं इंजिन मी तरी घेणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आता मागे जाऊ. पहिल्या महायुद्धातली फिरती रोटरी इंजिनं काही डझन तासांतच खोलावी लागायची, तेव्हा ठराविक तासांनी इंजिन उघडणं हे शहाणपणच होतं, कारण धातू, तेल, व्हॉल्व्ह सगळंच कच्चं होतं. पुढे धातू सुधारले, तेलं सुधारली, तास वाढत गेले, पण "घड्याळ लावून उघडायचं" ही सवय तशीच राहिली. आमच्या इंजिनाच्या घराण्यातच बघा, जुन्या पातळ दांड्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाल्या मॉडेलना १२०० तासच होते, जाड दांड्याचे व्हॉल्व्ह आल्यावर २००० झाले. आणि महिन्याला ४० तास किंवा जास्त सातत्याने उडणाऱ्या इंजिनाला कंपनीच वर २०० तास देते. म्हणजे खुद्द आकडा लिहिणाऱ्यांनीही तो दगडावरची रेघ मानलेला नाही.

घड्याळावर पहिली मोठी शंका आली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही विमानवाल्यांकडून नाही. ब्रिटिशांची पाणबुड्या शोधणारी लिबरेटर बॉम्बर विमानं दुरुस्तीसाठी जमिनीवरच जास्त पडून असायची, म्हणून शास्त्रज्ञांच्या एका गटाला नोंदी तपासायला बसवलं, त्यात एक जण मूळचा गर्भाच्या वाढीचा अभ्यास करणारा जीवशास्त्रज्ञ होता. त्यांनी दर ५० तासांच्या तपासणीनंतर अचानक निघणाऱ्या बिघाडांचा आलेख काढला. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी होतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढतील. निघालं बरोबर उलटं, तपासणी झाली की बिघाड एकदम वर जायचे आणि मग हळूहळू खाली यायचे. म्हणजे चांगलं चाललेलं यंत्र उघडल्यानेच त्यात दोष शिरत होते. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, नको ती कामं काढून टाकली, आणि तेवढ्याच विमानांची उड्डाणं सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. हे लोकांसमोर पुस्तकरूपाने आलं १९७३ मध्ये, तीस वर्षांनी. तेवढ्या काळात छोट्या विमानांची पूर्ण एक पिढी जुन्या समजुतीवर वाढली.

मोठ्या विमान कंपन्यांनी मात्र वाट पाहिली नाही. १९६० च्या दशकात नियामक आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि ठराविक काळाने सुटा भाग खोलून बिघाड खरंच कमी होतात का हे आकड्यांत तपासलं. त्यावरून बोइंग ७४७ ची देखभाल आखली गेली, आणि १९७८ मध्ये एका अमेरिकन विमान कंपनीच्या दोन इंजिनियरांनी संरक्षण खात्यासाठी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. त्यातला एक आकडा प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा, तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच फायदा नव्हता, आणि ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त होती ती भाग नवा असताना. डीसी-८ विमानात ३३९ वस्तूंना ठराविक काळाने ओव्हरहॉल होता, नंतरच्या डीसी-१० मध्ये फक्त ७. आज आपण ज्या जेटमधून मुंबईला जातो त्याची इंजिनं पंखावरच राहतात, आयुष्य ठरलेले काही भाग सोडले तर बाकीचं त्यांची तब्येत बघून ठरतं. छोट्या विमानापर्यंत हा विचार यायला अजून पंचवीसेक वर्षं गेली.

का गेली, याचं एक कारण बाजारात आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत सतरा हजारांवर छोटी विमानं बनली आणि १९९४ ला हजारसुद्धा नाही, अपघातांचे खटले आणि विम्याचे हप्ते यात धंदाच बसला, १७२ चं उत्पादन १९८६ ते १९९६ बंद होतं. अशा वातावरणात कुठली इंजिन कंपनी लेखी म्हणेल की दोन हजारांनंतरही खुशाल चालवा? १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांपेक्षा जुन्या विमानाबद्दल कंपनीवर दावा लावणं जवळपास बंद केलं, उत्पादन परत सुरू झालं, पण सावध भाषा तशीच राहिली.

बदल आला तो तपासणीच्या नव्या हत्यारांमुळे. २००३ मध्ये कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या इंजिन कंपनीने नवं बुलेटिन काढलं, त्यात नुसत्या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरतो त्या आकड्यावर सिलिंडर उतरवू नका, बोअरस्कोपने, म्हणजे बारीक कॅमेऱ्याने, आत बघा असं सांगितलं. त्याआधी ८० पौंडांच्या हवेवर सिलिंडर ६० धरत नसेल तर तो गेलाच, असं धरून चालायचे. बोअरस्कोप तेव्हा महाग होता, आता फोनला जोडायचा स्वस्तात मिळतो. प्लग काढायचा, कॅमेरा आत घालून वळवायचा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड बघायचं. निरोगी व्हॉल्व्हवर तांबूस-करड्या रंगाची वर्तुळं असतात, मध्यावरून कडेपर्यंत सगळीकडून सारखी. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हची एकच कड वेगळी दिसते, भाकरी एका बाजूने जास्त भाजावी तशी, आणि तो डाग दिसल्यापासून व्हॉल्व्ह तुटेपर्यंत बहुतेक वेळा बरेच तास हाताशी असतात.

आणि आता तो वाद, ज्याबद्दल मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही. टेक्सासमधल्या एका कंपनीने कॉन्टिनेन्टलच्या मोठ्या सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी बनवलेल्या काही सिलिंडरचं हेड, म्हणजे वरचं टोक, बॅरलपासून, म्हणजे खालच्या नळकांड्यापासून, सुटल्याच्या घटना झाल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये नियामकाने प्रस्ताव मांडला की हे सिलिंडर टीबीओची वाट न बघता उतरवा, सुमारे सहा हजार इंजिनांचा प्रश्न होता आणि एकेका मालकाला हजारो डॉलरचा खर्च. नियामकाची बाजू पोकळ नव्हती, हवेत हेड सुटलं तर ताकद जाते आणि आगीचाही धोका असतो. पण विरोध फक्त खिशासाठी नव्हता. अपघातांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेनेच कळवलं की एवढं करायची गरज नाही, वारंवार कॉम्प्रेशन आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासा, आणि टीबीओला पोचल्यावर बदला. मेकॅनिक लोकांचं म्हणणं आणखी मुळातलं होतं. या इंजिनात सिलिंडर धरणारे काही लांब बोल्ट क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाचे, दोन अर्धेही दाबून धरतात, म्हणजे आतले मुख्य बेअरिंगही त्याच दाबावर जागेवर असतात. विमानावरच इंजिन ठेवून सहाच्या सहा सिलिंडर उतरवले आणि परत आवळताना टॉर्कमध्ये, म्हणजे आवळण्याच्या जोरात, चूक झाली तर बेअरिंग सरकतं, तेलाचं भोक झाकलं जातं, आणि मग एक सिलिंडर नाही तर अख्खं इंजिन बंद पडतं. असे अपघात झालेले आहेत. एका सिलिंडरचं हेड सुटलं तर बाकीच्या पाचांवर ते इंजिन बऱ्याचदा धावपट्टीपर्यंत आणतं, बेअरिंग गेल्यावर ती संधी नाही. तीन वर्षं चर्चा चालली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अंतिम आदेश आला, मुदती टप्प्याटप्प्याच्या पण सिलिंडर काढायचेच हे कायम. माझ्या मते हा निर्णय चुकला, कारण उघडण्याचा धोका त्यात पुरेसा धरलाच नाही, आणि १९४० च्या दशकातला तो आलेख अशा वेळी कुणीतरी टेबलावर ठेवायला हवा होता.

दुसरी बाजूही सांगतो. जुन्या इंजिनांच्या बाजूने एक आकडेवारी नेहमी दाखवतात, अपघातांच्या नोंदींत इंजिन बंद पडण्याच्या घटना ओव्हरहॉलनंतरच्या पहिल्या काहीशे तासांत जास्त आणि दोन हजारांनंतर अगदी कमी. पण दोन हजारांच्या पुढे उडणारी इंजिनंच मुळात किती? त्या आकडेवारीने पहिले तास नाजूक असतात हे कळतं, पुढचे सुरक्षित आहेत हे नाही. म्हणून देखभालीनंतरचं पहिलं उड्डाण मी दिवसा, एकट्याने आणि विमानतळाच्या डोक्यावर घिरट्या घालूनच करतो. एकदा एका वर्कशॉपमधून वार्षिक तपासणी करून विमान घेतलं आणि रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, उजवा मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) लावल्यावर इंजिन हातपाय झाडायला लागलं, तसंच परत वळवून काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडलं तर एका प्लगच्या वायरचं नट नुसतं बोटाने लावलेलं होतं.

आणि १२ वर्षांची ती अट. तासांवर मी वाद घालतो, वर्षांवर जपून बोलतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर बसतो, विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं, आणि दमट हवेत कॅमवर गंज धरतो. कोकणात पावसाळ्यात चार दिवस न वापरलेल्या विळीचं पातं जसं लाल होतं तेच इथे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पुढे उडायला लागलं की तो गंजलेला पृष्ठभाग टॅपेटखाली, म्हणजे कॅमने ढकलल्या जाणाऱ्या भागाखाली, सोलवटतो आणि कण तेलात येतात. म्हणून २० वर्षांत ४०० तास, म्हणजे वर्षाला २०, असं इंजिन मला नको. वर्षाला दीडशे तास उडून २२०० वर पोचलेलं चालेल. जमिनीवर नुसतं दहा मिनिटं सुरू करून बंद केल्यानेही भलं होत नाही, तेल नीट तापत नाही आणि आतलं पाणी आतच राहतं.

आमच्या विमानाचं तेल दर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलतो. फिल्टर कटरने गोल कापायचा, आतली कागदाची घडी सुरीने सोडवून पांढऱ्या ट्रेमध्ये स्पिरिटने धुवायची, ट्रेखालून चुंबक फिरवायचा. गेल्या शनिवारी कार्बनचे चार-पाच काळे दाणे निघाले, बोटाने चुरडले गेले, चुंबकाला काही आलं नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या एका कडेचा रंग मात्र मागच्या फोटोपेक्षा किंचित फिका वाटला, चौघांनी फोटो शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघितला, आणि तो सिलिंडर आता ५० ऐवजी २५ तासांनी परत बघायचं ठरलं.