काळ्या रानातलं खनिज आणि अणुइंधनाचा लाख वर्षांचा हिशेब

अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन जमिनीत पुरण्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास निघतो: उद्या ते विहिरीत उतरलं तर? प्रश्न रास्त आहे. अशा साठ्यांची गणिती मॉडेलं करणारेही इंधनाचा डबा फुटलाय असं धरूनच हिशेब मांडतात. पुढचा प्रश्न असतो, काय बाहेर पडेल, किती आणि केव्हा.

फिनलंडच्या ओल्किलुओतो बेटावर असं इंधन पुरण्यासाठी ओन्कालो नावाचं भुयार २००४ पासून खोदलं गेलं, सुमारे ४३० मीटर खोल. डबा असा: इंधन ओतीव लोखंडात, त्यावर ५ सेंटिमीटर जाड तांबं आणि भोवती बेंटोनाइट माती. या मातीतलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या खानदेशातल्या कपाशीच्या काळ्या रानातही तेच आहे! मे महिन्यात चोपडा-शिरपूरकडे रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात माती फुगून त्या बुजतात. घराच्या भिंती तडकवणारा काळीचा हाच गुण तिथे राखणीला लावला आहे.

हे खनिज म्हणजे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे. त्यांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून पापुद्र्यावर ऋण प्रभार उरतो. तो भागवायला मध्ये सोडियम-कॅल्शियमचे आयन येतात, आणि आयनांच्या ओढीने पाणी. पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. रानात ती वर उचलली जाते. भुयारात तिला जागाच नसते, म्हणून ती दाबून बसते आणि फटी बुजवते. एवढ्या खोलवर ती वाळत नाही, त्यामुळे भेगाही नाहीत.

भूजल वाहतं ते दाबातल्या फरकाने आणि खडकाच्या पार्यतेनुसार, म्हणजे खडक पाणी किती सहज आरपार जाऊ देतो त्यानुसार. हा नियम डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. तळहातावर नारळ उभा राहण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, विहिरीची जागा सांगणाऱ्या पानाड्याला पैसे देण्याआधी हे ध्यानात घ्यावं. घट्ट बेंटोनाइटची पार्यता इतकी कमी की प्रवाह जवळजवळ थांबतो. उरतं फक्त विसरण, म्हणजे कणांचं पाण्यात आपोआप हळूहळू पसरणं, आणि त्याचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर दहापट, वेळ शंभरपट.

त्यात इंधनातलं प्लुटोनियम मातीला चिकटत चिकटत सरकतं. हे चिकटणं धरून त्याचा विसरणांक, म्हणजे पसरण्याचा वेग सांगणारा आकडा, सेकंदाला १०⁻¹⁴ चौरस मीटर धरा, थर ३५ सेंटिमीटरचा. अंतराचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे जवळपास ४ लाख वर्षं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, २४,१०० वर्षं. तोवर सोळा अर्धायुष्यं उलटतात आणि ६५ हजारांतला एक भाग उरतो. आयोडीन-१२९ मात्र त्रास देतं. ते ऋण आयन, मातीला चिकटत नाही, आणि अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त. म्हणून अशा हिशेबांत मला प्लुटोनियमपेक्षा आयोडीनचा आलेख आधी बघावासा वाटतो.

खरी कसोटी हिमयुगाची. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की तिच्या धन आयनांमुळे मातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. खोल भूजलातलं कॅल्शियमही बेंटोनाइटला तसंच धरून ठेवतं. हिमनदी वितळून क्षार नसलेलं पाणी खाली पोचलं, तर कण सुटे होऊन फटींतून वाहून जाऊ शकतात. मग तांब्यापर्यंत भूजलातलं सल्फाइड (गंधकाचं संयुग) पोचायला वाट मिळते, आणि तांबं त्याने गंजतं. म्हणून फिनलंड-स्वीडनच्या मॉडेलांत ही झीजही घातलेली असते आणि दहा लाख वर्षांचा हिशेब तिच्यासकट केला जातो.