शनिवारी दोननंतर: इंग्लंडमधल्या पबचे खेळ, पायवाटा आणि रविवारचं जेवण

पबमधला डार्टचा फळा, डोंगरातली भटकंती आणि रविवारचं भाजलेलं मांस, ही इंग्लंडची साधी सुट्टी. पण कष्टकऱ्याने खेळावं, हेच तिथल्या कायद्याला तीनशे वर्षं मंजूर नव्हतं. 1541 च्या कायद्याने कारागीर, नोकर आणि मजुरांना पत्ते, फासे, टेनिस, बोल्स असे खेळ नाताळाखेरीज बंद केले. लोकांनी धनुष्यबाणाचा सराव सोडू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण. कौशल्याच्या खेळांवरची बंदी उठायला 1845 साल उजाडलं.

त्याआधी 1830 च्या बिअरहाउस कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्या घरमालकाला बिअर विकायची मुभा दिली आणि गल्लोगल्ली बिअरघरं निघाली. 1850 च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांना शनिवारी दुपारी दोनला सोडणं सक्तीचं केलं. जागा होतीच, आता वेळही मिळाला.

या खोल्यांत रुजलेला एक सुंदर खेळ म्हणजे शव्ह-हेपनी. लाकडाच्या किंवा पाटीच्या दगडाच्या गुळगुळीत फळ्यावर नऊ आडवे पट्टे, प्रत्येक साधारण सव्वा इंच रुंद. नाणं, म्हणजे जुनी हाफपेनी, एक इंचाचं. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून मोकळीक पाव इंचाची! फळ्याच्या कडेला थोडं बाहेर ठेवलेलं नाणं तळहाताने टोलवायचं, एका पाळीत पाच नाणी. रेषेला जराही टेकलं तर गुण नाही. प्रत्येक पट्ट्यात तीन गुण भरायचे; आपले भरल्यावर त्याच पट्ट्यात आणखी नाणं बसलं तर गुण प्रतिस्पर्ध्याला. फळ्यावर बिअरचा थेंब सुकला की नाणं तिथेच अडतं, म्हणून फळा कोरडा पुसून खडूची भुकटी चोळतात. जुनी हाफपेनी 1969 मध्ये चलनातून गेली, तरी खेळणारे तीच घासून गुळगुळीत केलेली नाणी जपून ठेवतात.

डार्टचा फळा पूर्वी एल्म लाकडाचा असे. रात्री तो पाण्यात बुडवून ठेवावा लागे, तेव्हा कुठे भोकं मिटत. कोरडा राहिला तर तडकायचा. 1930 च्या दशकात सिसल या वनस्पतीच्या धाग्यांचे फळे आले. त्यात टोक धाग्यांच्या मधून शिरतं आणि काढलं की धागे पुन्हा मिटतात. आकड्यांची तारेची कडी सुटी असते ती याचसाठी: फळा अधूनमधून फिरवून कडी परत बसवली नाही, तर 20 चं घर सगळ्यांत आधी झिजतं. फळ्याचं केंद्र जमिनीपासून 1.73 मीटर, फेकण्याची रेषा फळ्याच्या दर्शनी बाजूपासून 2.37 मीटर.

आकड्यांची मांडणी चुकार हाताला शिक्षा करते. 20 च्या शेजारी 5 आणि 1. एकेक डार्ट तिन्ही घरांत गेला तर हाती 26. या 26 ला 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणतात, कारण एकेकाळी रात्रीचा मुक्काम आणि न्याहारी दोन शिलिंग सहा पेन्सला मिळे. नवख्याने डावीकडे 14 वर नेम धरावा. शेजारी 9 आणि 11, म्हणजे तशाच चुकीला 34 मिळतात. 501 च्या डावात गुण वजा करत नेमक्या शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे दुप्पट गुणांच्या बाहेरच्या अरुंद कड्यात लागावा लागतो, तेव्हा शेवटी 32 उरवणं शहाणपणाचं. डबल 16 हुकून साधं 16 लागलं तर डबल 8 उरतं, मग डबल 4, 2, 1. विषम आकड्यात अडकायला होत नाही.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कामात खंड नको म्हणून 1915 पासून पबच्या वेळा आवळल्या आणि दुपारची बंदी आली. युद्ध संपलं, बंदी राहिली. इंग्लंड-वेल्समध्ये ती आठवड्याच्या दिवसांपुरती 1988 मध्ये उठली, रविवारची तर 1995 मध्ये.

पायवाटांसाठी लोकांना तुरुंगात जावं लागलं. मँचेस्टर-शेफिल्डच्या मधला किंडर स्काउटचा माळ जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखला होता. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन आणि शेकडो तरुण कामगार हेफील्डहून मुद्दाम त्यावर चढले. पाच जणांना कैद झाली. 1949 च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद आणि राष्ट्रीय उद्यानं आली. पहिलं उद्यान 1951 मध्ये, किंडर स्काउट जिथे आहे त्याच पीक डिस्ट्रिक्टचं. 1965 मध्ये एडेलहून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारा पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग खुला झाला. खुल्या माळरानावर वाट सोडूनही चालण्याचा हक्क मात्र 2000 च्या कायद्याने दिला.

चालण्याचा हिशेब अजूनही स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथच्या 1892 च्या नियमाने करतात: 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक. म्हणजे 12 किलोमीटर आणि 400 मीटर चढ असेल तर तीन तास चार मिनिटं. यात थांबणं, चिखल, कुंपणांवरच्या पायऱ्या धरलेल्या नाहीत; अर्धा तास जास्तीचा ठेवावा. दुपारी पब उघडा असला तरी स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं. एकला जेवायचं तर साडेनऊला निघायला नको, नऊलाच निघावं.

उशीर झाला तर 'प्लाउमन्स लंच' मिळतो: पाव, चीज, लोणचं. पदार्थ जुना, पण हे नाव घरोघरी पोहोचलं ते 1960 च्या दशकात, मिल्क मार्केटिंग बोर्डाच्या चीजच्या जाहिरातींमुळे. वेळेत पोचलात तर भाजलेल्या मांसासोबतचं यॉर्कशायर पुडिंग नीट बघा. अंडी, मैदा आणि दूध समान मापाने घेऊन केलेलं पातळ पीठ, 220 अंशांवर धूर येईपर्यंत तापलेल्या चरबीत ओततात. चरबी कोमट असेल तर ते फुगतच नाही, आणि पहिल्या वीस मिनिटांत ओव्हन उघडला तर बसतं. यॉर्कशायरमध्ये ते मांसाच्या आधी, ग्रेव्हीत बुडवून वाढत. आधी पोट भरलं की महागडं मांस सगळ्यांना पुरत असे.