विलेपित चुंबकीय नॅनोकण
एमआरआयमध्ये अवयव आणि गाठ यांतला फरक ठळक दिसावा म्हणून शिरेतून देतात ते लेप चढवलेले लोहऑक्साइडाचे कण. गाभा मॅग्नेटाइट किंवा मॅघेमाइट या चुंबकीय लोहऑक्साइडांचा, साधारण ५ ते १० नॅनोमीटर व्यासाचा. इतक्या लहान कणात चुंबकत्व टिकत नाही; यंत्राच्या क्षेत्रात तो जोरात चुंबकित होतो, क्षेत्र गेले की पुन्हा चुंबकत्वहीन. तरीही उघडे कण रक्तात गोळा होतात. म्हणून लेप हवा. खरी करामत लेपाचीच आहे.

सर्वांत रुळलेला लेप डेक्स्ट्रानचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचा. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, अथणी, रायबागकडच्या साखर कारखान्यांना हा पदार्थ नकोसा. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून शिळा झाला, की ल्यूकोनोस्टॉक जीवाणू त्यातल्या साखरेचे डेक्स्ट्रान करतात. रस बुळबुळीत होतो, गाळणीतून उतरत नाही, साखरेचा दाणाही लांबट पडतो. औषधासाठी याच जीवाणूकडून ते मुद्दाम करून घेतात आणि त्याच्या लांब साखळ्या तोडून शुद्ध करतात. कारखान्यात जो बुळबुळीतपणा नडतो, तोच इथे कणांना सुटे ठेवतो.

अशा डेक्स्ट्रान-लेपित कणांचे, अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले औषध फेरुमॉक्साइड १०० मिलिलिटर डेक्स्ट्रोजच्या सलाइनमधून अर्ध्या तासात सोडत. यकृतातल्या कुफर पेशी कण गिळतात. एमआरआयचे चित्र ज्यावरून बनते तो पाण्यातील हायड्रोजनचा संकेत कणांभोवती लवकर विझतो आणि चित्रात निरोगी यकृत काळवंडते. गाठीत सहसा कुफर पेशी नसतात, म्हणून ती उजळ उरते. पुढे हे औषध बाजारातून गेले.

खानापूर-निपाणीचे पेशंट बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला जाऊन 'डाय घालून' एमआरआय करतात, ती डाय बहुधा या लोहकणांची नव्हे, तर गॅडोलिनियम या धातूची असते. किडनी निकामी असलेल्यांत तिच्या काही जुन्या प्रकारांमुळे त्वचा कडक होण्याचा गंभीर आजार होतो, हा संबंध २००६मध्ये पुढे आला; किडनीचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी मागतात तो म्हणूनच.

किडनीच्या रुग्णांच्या लोहकमतरतेसाठी २००९ साली अमेरिकेत मान्य झालेले फेरुमॉक्सिटॉल लेपित लोहकणांच्याच घराण्यातले. त्याचा लेपही डेक्स्ट्रानपासूनच बनतो. त्यातले लोह हळूहळू हिमोग्लोबिनच्या कामी लागते, आणि डॉक्टर ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयची डाय, म्हणूनही वापरतात. त्याची अ‍ॅलर्जी मात्र क्वचित जीवघेणी ठरते. शिवाय ते तीन महिन्यांपर्यंत एमआरआयची प्रतिमा बदलू शकते. तेवढ्या काळात हे इंजेक्शन घेतले असेल, तर स्कॅनआधी तंत्रज्ञाला सांगावे लागते.