डार्क मॅटर खरंच आहे की न्यूटनच कमी पडतोय?

सूर्यमालेत हिशोब सरळ आहे, सूर्यापासून जितकं लांब तितका वेग कमी. बुध सेकंदाला 47 किमी पळतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. गॅलेक्सीतही बहुतेक उजेड मधोमधच असतो, म्हणजे वजनही तिथेच असणार, मग कडेला सगळं संथ फिरायला हवं ना? पण 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी गॅलेक्सीतले वेग मोजले तर कडेकडेला जाऊनही वेग कमी व्हायचं नाव घेईनात.

मग दोनच रस्ते उरतात. एकतर तिथे न दिसणारं काहीतरी भरपूर आहे, तेच डार्क मॅटर, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथे तसाच्या तसा चालत नाही. दुसरी बाजू इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोमने 1983 मध्ये मांडली, की त्वरण फारच कमी झालं (पृथ्वीवर खाली पडणाऱ्या दगडाच्या त्वरणाचा साधारण आठ हजार कोटीवा भाग!) की ओढ न्यूटनच्या हिशोबापेक्षा जास्त भरते. याला म्हणतात मॉन्ड. लोक याची टिंगल करतात, पण खरं सांगायचं तर एकेकट्या गॅलेक्सीपुरतं हे गणित फार छान जुळतं, नुसते दिसणारे तारे आणि वायू धरा आणि वेग काढा, बस्स.

घोडं अडतं ते गॅलेक्स्यांच्या समूहांत. बुलेट क्लस्टर म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेले दोन समूह. त्यांचा तापलेला वायू धडकून मधेच रेंगाळला, तो अवकाशातल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीला एक्स-रेमध्ये दिसतो, आणि साधं मॅटर ताऱ्यांपेक्षा त्या वायूतच जास्त असतं बरं का. पण वजन जिथे जास्त तिथे प्रकाश जास्त वाकतो, म्हणून 2006 मध्ये मागून येणारा प्रकाश किती वाकतोय यावरून वजनाचा नकाशा काढला, तर बहुतेक वजन गॅलेक्स्यांबरोबर पुढे निघून गेलेलं! नुसता नियम बदलून हे कसं बसवणार? मॉन्डवाल्यांपैकी काही म्हणतात समूहांत थोडं न दिसणारं मॅटर असेलही, म्हणजे फिरून तिथेच आलो की.

म्हणून माझं मत डार्क मॅटरकडे झुकतं. फक्त एकच पंचाईत, ते ज्याचं बनलंय तो कण काही सापडत नाहीये. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किमी खाली 10 टन द्रव झेनॉन भरून लक्स-झेपलिन या प्रयोगवाले बसलेत, की डार्क मॅटरचा एखादा कण झेनॉनच्या अणूला धक्का देईल, पण हाती अजून काही नाही. इटलीतलं झेनॉन-एनटी आणि चीनमधलं पांडा-एक्स ही तसलीच यंत्रं आता इतकी संवेदनशील झालीत की 2024 मध्ये त्यांत सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणांच्या खुणा दिसायला लागल्या, आणि त्यांचा धक्का डार्क मॅटरच्या अपेक्षित धक्क्यासारखाच असतो.