पतसंस्थेतल्या ठेवीला ५ लाखाचा विमा? नाहीये भाऊ

केळीचं नाहीतर कापसाचं पेमेंट आलं की रावेर, चोपड्यापासून धुळ्यापर्यंत एकच सल्ला मिळतो, टाक पतसंस्थेत, व्याज जास्त आणि ५ लाखापर्यंत विमा आहेच. साफ चुकीचं आहे हे. तो विमा रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या महामंडळाचा, आणि तो फक्त बँकांच्या ठेवींना. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत.

घोळ होतो पावतीमुळे. वर मोठ्या अक्षरात 'अर्बन को-ऑप.' आणि बारीक अक्षरात 'क्रेडिट सोसायटी', मग माणूस बँकच समजतो ना! जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडकल्यावर लोकांनी किती चकरा मारल्या ते वेगळं सांगायला नको, तरी अर्धा-एक टक्का जास्त दिसला की आपण परत रांगेत.

बरं, बँकेतही ५ लाख म्हणजे मुद्दल अधिक व्याज मिळून, एका माणसाचे एका बँकेत, सगळ्या शाखा धरून. भुसावळला ४ आणि जळगावला ४ लाख एकाच बँकेत ठेवले तर ८ नाही, ५ च कव्हर (२०२० च्या आधी तर १ लाखच होतं). बायकोच्या नावाने वेगळी एफडी केली तर तिचे ५ वेगळे.

पोरीच्या शिक्षणाचा पैसा दहा-पंधरा वर्षं हलवायचाच नसेल तर पीपीएफ, सुकन्या बघा, तिथे हमी थेट केंद्र सरकारची. पतसंस्थेत ठेवायचेच असतील तर बुडाले तरी घर चालेल एवढेच ठेवा.